खरा र आणि खोटा र

न्हावा शेव्याला ज्या कंटेनर यार्डात मी नोकरी करतो, तिथे दर जानेवारीत ट्रान्सपोर्टवाले डायऱ्या वाटतात. साहेबांना जाड कव्हरची, आम्हा गेटवरच्यांना रेक्झिनची. आजवर मिळालेल्या सगळ्या डायऱ्या मी घरी नेऊन आईला दिल्या, आणि आईने त्या पापड वाळत घातलेला कागद उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवल्या. गेल्या वर्षीची डायरी मात्र मी दिली नाही. म्हटलं, ही आपण लिहायची.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मी बी.कॉम. झालो तेव्हा आईने गावात पेढे वाटताना दारोदार सांगितलं होतं, "माजा पोर पंधरा यत्ता शिकला." पंधरा यत्ता शिकलेल्या माणसाने दिवसातून पंधरा ओळी स्वतःच्या लिहू नयेत, याची मला लाज वाटायला लागली होती.

पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट, बुटाचं माप आणि कॉलरचं माप असे रकाने होते. छापील रकाना रिकामा सोडणं मला शाळेपासून जमत नाही. कॉलरचं माप ठाऊक नव्हतं म्हणून बायकोने शिलाईची टेप माझ्या गळ्याभोवती धरली.

"घट्ट करू?" तिने विचारलं.

"साडेपंधरा लिहू ना?"

"तेवढंच विचारलंय ना त्यांनी? डोक्याचं माप नाही विचारलं?"

तर अशी सुरुवात झाली. रोजनिशी कशी लिहायची हे शाळेत शिकवलं होतं, तीच पद्धत मी धरली. 'आज पहाटे उठलो. प्रातर्विधी उरकले. निसर्गाचे मनोहर रूप पाहिले.' निसर्ग म्हणजे आमच्या खिडकीतून दिसणारी ट्रेलरांची रांग. अकराव्या दिवशी बायकोने पानं चाळली.

"अहो, ही डायरी आहे की मस्टर? रोज उठताय नुसते."

"रोज उठतोच ना मी."

"मग एकदा लिहा आणि पुढे 'वरीलप्रमाणे' टाका."

मी साधा माणूस. दुसऱ्या दिवशी खरंच 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि समाधानाने झाकण बंद केलं पेनाचं. पण मग पान फारच मोकळं दिसायला लागलं. तेव्हा लक्षात आलं की दिवस पकडायला दुसरं काहीतरी जाळं पाहिजे.

पहिलं जाळं मी ऑफिसातूनच आणलं. गेटवर आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद करतो, तशी एका रविवारी घराची केली. 'आई: बाहेर, ७.१०, माल: कोंबड्यांचं खाणं. आई: आत, ७.२५, रिकामी. मांजर: आत, ७.२६, विनापरवाना. मांजर: बाहेर, ७.२७, माल: अर्धा बोंबील.' एवढ्या चार ओळींत मला आमची सकाळ जशी दिसली तशी 'मनोहर रूप' लिहून कधी दिसली नव्हती.

मग मला चटकच लागली. एक दिवस फक्त घरात विचारलेले प्रश्न लिहिले. दिवसभरात सतरा प्रश्न निघाले, त्यातले अकरा 'चावी कुठंय?' हेच होते. एक दिवस फक्त वास लिहिले: पाववाल्याच्या सायकलीमागून येणारा वास, शेजारच्या कालवणाचा, ओहोटीच्या चिखलाचा, माझ्या सेफ्टी बुटांचा. (शेवटचा बायकोने स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि खाली दोनदा रेघ मारली.) एक दिवस चित्र काढलं. बरीच वर्षं कंटेनर बघून माझ्या हाताला चौकोनच येतात. ओट्यावर बसलेली आई काढली, तर ती तिने डोळ्यांजवळ धरून नीट बघितली आणि म्हणाली, "मी ईस फुटी का चालीस फुटी?" (कंटेनरची ही दोन मापं तिला माझ्यामुळे पाठ.)

वस्तूही चिकटवल्या. एसटीचं तिकीट, चिंचेचा पाला, आणि ज्या दिवशी आईने सुक्या जवळ्याची चटणी केली त्या दिवशी चिमूटभर जवळा. डिंक संपला होता म्हणून भाताच्या शितांनी चिकटवला. भात आणि मासळी एकाच पानावर म्हणजे मांजरासाठी ताट वाढून ठेवण्यासारखं आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही. पंधरा यत्तांत तो धडा नव्हता.

पण या सगळ्यांत उत्तम जाळं सापडलं ते आईच्या बोलण्याचं.

आई पूर्वी मिठागरात कामाला जायची. मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहून तिने माझी फी भरली, हे मी कुठेही, कुणालाही सांगतो. पुढे मिठागरं भराव घालून बुजवली आणि तिचं काम गेलं. तेव्हापासून तिच्याकडे कोंबड्या आहेत आणि गावाची खबर आहे. संध्याकाळी साडेसहाला मी घरी येतो. बूट काढून ओट्यावर बसलो की ती कोरा चहा आणून शेजारी बसते आणि दिवस सांगते. कॉलेजपासूनचा हा नेम आहे. माझा दिवस कसाही गेला असला तरी तिचा ऐकला की मला बरं वाटतं.

एका संध्याकाळी तिने सांगितलेलं असं. आमच्या एका कोंबडीने शेजाऱ्याच्या उलट्या घातलेल्या होडीखाली अंडं घातलं. होडीवाला म्हणे, होडी माझी तर अंडं माझं.

"मी त्याला बोलले," आई म्हणाली, "कोंबरी तुज्या होरीत बसली त्याचा भारा घे, पन अंडा दे. तं बोलतो, भारा म्हनून अंडा घेतला. मंग मी बोलले, मंग पावती दे!"

मी हसत हसत लगेच वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने ते पान आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई दुसरीपर्यंत शिकली आहे. अक्षरं ओळखते, पण सलग वाचायचा कंटाळा करते.

बायको वाचायला लागली: "'कोंबडी तुझ्या होडीत बसली त्याचं भाडं घे, पण अंडं दे.'"

"हे कोन बोललं?" आईने विचारलं.

"तुम्हीच, आई."

"मी? मी कवा आशी बोलले? ही तं बातम्यांतली बाई हाय." मग ती माझ्याकडे वळली. "तू नीट करून लिवलास?"

"जरासं," मी म्हणालो.

"म्हंजे माजं नीट नव्हतं."

"तसं नाही गं."

पण तसंच होतं. इथे मला थोडं समजावून सांगितलं पाहिजे. आमच्या बोलीत ड चा र होतो. गाडी म्हणजे गारी, साडी म्हणजे सारी, भाडं म्हणजे भारा. ळ चा ल होतो, ण चा न होतो. शाळेत गेलो की पहिली काही वर्षं हे र परत ड करण्यात जातात. मी ते इतकं घोकलं आहे की आईचं 'कोंबरी' कानात शिरतं आणि हातातून 'कोंबडी' बाहेर पडते. मध्ये मी नसतोच.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तर आई इस्त्रीची साडी नेसून ओट्यावर बसली होती. चहा कपबशीत होता. एरवी तो स्टीलच्या पेल्यात असतो. तिने माझ्या वहीकडे बघितलं, घसा साफ केला आणि टीव्हीतल्या बाईसारखी मान सरळ करून बोलायला लागली.

"आज सकाळी मी तांदळाची भाकडी केळी."

मी पेन धरून तसाच बसलो.

"णंतड मांजड आळं. मी दाडात उभी होते. वाडा सुटळा होता. मांजड दूध पिऊण गेळं."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. बायको स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून उभी होती. तिचं माहेर तळा गावचं. त्यांच्याकडे ड हा जन्मापासून ड असतो, त्यामुळे तिला या लढाईची कल्पनाच नाही. पण मला होती, आणि तरीही मी हसलो. हळू नाही, चांगला मांडीवर हात मारून हसलो. भाकडी आणि केळी असा फराळ डोळ्यांसमोर आला आणि मला आवरलंच नाही.

आई थांबली. रागावली असती तर मी निभावलं असतं. तिने कपबशी उचलली आणि म्हणाली, "तुळा पडत णीट कडायळा णको म्हणूण बोळत होते."

मला परत नीट करायला नको म्हणून. एवढ्यासाठी तिने दिवसभर मनात एकेक शब्द उलटून ठेवला होता. ती आत गेली आणि त्यानंतर आमच्या घरातलं बोलणं बंद झालं.

अगदी मुकं नाही. जेवायला वाढायची, चहा द्यायची. पण विचारलेल्याचं उत्तर एका शब्दात. "आई, बरी आहेस ना?" "हो." आमच्या घरात 'हो' हा शब्द पाहुण्यांसाठी असतो. आपल्या माणसाला आपण 'व्हय' म्हणतो. आई मला 'हो' म्हणाली की ऑफिसातल्या काउंटरवर उभं असल्यासारखं वाटायचं. डायरीत मी लिहिलं, 'आज विशेष काही नाही.' दुसऱ्या दिवशी, 'वरीलप्रमाणे.' ते लिहिताना या वेळी समाधान वाटलं नाही. सात-आठ दिवस असेच गेले. संध्याकाळी ओट्यावर मी आणि चहा, दोघंच.

या काळात मी एक मूर्खपणाही केला. मी नसताना तरी ती बायकोशी मोकळं बोलत असेल, ते ऐकावं, म्हणून सुट्टीच्या सकाळी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो कांद्याच्या टोपलीत लपवला आणि बाजारात गेलो. आल्यावर कान लावून चाळीस मिनिटं ऐकली. कुकरच्या पाच शिट्ट्या, पाववाल्याचं टिंग टिंग, कुणीतरी चावी मागितली. आणि शेवटी एकदम फोनजवळ आईचा आवाज, बायकोला सांगणारा: "तुझ्या णवड्याणे कांद्यात फोण ठेवळाय. सडेळ."

बायको म्हणाली, "अहो, हे रेकॉर्डिंग वगैरे सोडा. माफी मागा सरळ."

"मागितली ना. दोनदा मागितली."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, मी दिलगीर आहे."

"दिलगीर!" तिने कपाळावर हात मारला. "आईची माफी मागताय की गेट पास उशिरा दिल्याची?"

त्या दिवशी दुपारी आई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. कोंबड्या भोवती होत्या. मी डायरी खिडकीत ठेवली, बाहेर जाऊन खालच्या पायरीवर बसलो आणि म्हणालो, "आई, मी चौथीत निबंध लिहिला होता. 'माझे घर'. मला अजून पाठ आहे. म्हणून दाखवू?"

सूप चालू होतं. मी शाळेत उभं राहून म्हणतात तसा हात बांधून उभा राहिलो.

"माझे घड. माझे घड खाडीजवळ आहे. माझे घड सुंदड आहे. घडामागे माड आहेत. तिथून थंडगाड वाडा येतो."

सूप थांबलं.

"आम्हाला वर्गात सांगितलं होतं ना, की आपले र म्हणजे खरं तर ड असतात. मी म्हटलं, आपण एकही र ठेवायला नको. सगळे ड केले. वहीवरच्या माझ्या नावातल्या र चासुद्धा ड केला. सरांनी पान लालभडक केलं आणि विचारलं, बाळा, हा थंडगाड वाडा येतो तो चालत येतो की ट्रकातून?"

आईने सूप तोंडासमोर धरलं. सुपाच्या कडा हलत होत्या. मी धीर धरून पुढे सांगितलं, की त्या सरांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि दोन याद्या करून दिल्या. एका बाजूला खरे र: घर, वारा, दार, मांजर, भाकरी. दुसऱ्या बाजूला खोटे र: गारी, सारी, होरी, कोंबरी. रोज एक ओळ घोकायची. त्या यादीवर मी दहावी झालो, कॉलेजात गेलो, मुलाखतीत 'गाडी' म्हणालो. त्या सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत आणि आजही ते वाटेत भेटले की मी त्यांना वाकून नमस्कार करतो. "पण आई," मी म्हणालो, "तू जी भाकडी केलीस ना, ती मी तुझ्या आधी चौथीत करून बसलोय. तुझ्यावर हसायचा मला काही हक्क नव्हता."

सुपामागून काहीतरी आवाज आला. ते हसू होतं की 'हो' होतं हे कळायच्या आत खिडकीतून धप्पकन काहीतरी पडलं.

मांजर. त्याला जवळ्याचं पान सापडलं होतं. दातांनी ओढता ओढता अख्खी डायरी अंगणात आली होती, आणि मांजर मान वाकडी करून त्या पानाचा कोपरा चावत मागे मागे सरकत होतं. शितांच्या वासाने कोंबड्या धावल्या. मी 'हाड हाड' केलं. माझ्या 'हाड'ला कुणी विचारलं नाही.

आईने सूप फेकून मारलं.

"आरं मेल्या, सोर ती वही! सोर! माज्या पोराची वही हाय ती, तुज्या आयशीनं सुकत घातलेला जवला न्हाय! इकरं नको, इकरं नको येऊ, आनि तुमी गो कोंबऱ्यांनो, तुमी कशाला आल्याव? तुमचं काय लिवलंय त्यात?" मांजर वहीसकट माझ्या स्कूटरखाली घुसलं. "गेला गारीखाली! आरं, बगतस काय खांबावानी? पंधरा यत्ता शिकलास आनि मांजर धरता येत न्हाय? वाक, वाक ना! तिकरून ये! आगो बाय, पानं फारतो तो!"

मी वाकलो. डोकं स्कूटरच्या स्टँडला आपटलं. मांजराने मला ओरबाडलं आणि डायरी सोडून होडीवाल्याच्या कुंपणावरून पसार झालं. जाताना पान घेऊन गेलं. वास लिहिलेला दिवस आणि प्रश्न लिहिलेला दिवसही कोंबड्यांच्या पायांखाली चिखलात गेले. आईचं चित्र वाचलं. चाळीस फुटीवर नखांचे तीन ओरखडे आले होते.

आई धापा टाकत पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसलो. अंगणभर तांदूळ सांडले होते आणि कोंबड्यांची पंगत बसली होती.

"त्याची आयसुदा आशीच व्हती," आई म्हणाली. "तुना आठवतं? तू आठवीत व्हतास. पोस्टमनच्या पिशवीत मासलीचा वास आला म्हनून त्याच्या सायकलीवर जाऊन बसली. तो बिचारा पार स्टँडपरत गेला, मागं मांजर. लोकं बोलायची, आज मांजराची मनीऑर्डर आली."

आणि मग ती थांबलीच नाही. सात-आठ दिवसांची खबर आत साठली होती, ती सगळी बाहेर पडली. होडीवाल्याने ते अंडं उकडलं तर ते नासकं निघालं आणि आता तो भाडं मागतो आहे. पाववाल्याची घंटा चोरीला गेली म्हणून तो तोंडाने 'टिंग टिंग' करत फिरतो आहे. बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, चौकटीला टेकून उभी राहिली आणि तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली, "गप्प बसा आणि ऐका."

माझ्या खिशात पेन होतं. डायरी चिखलात होती. बायकोने आतून ट्रान्सपोर्टवाल्याचं जुनं कॅलेंडर आणून दिलं, त्याची मागची बाजू कोरी होती.

"लिव," आई म्हणाली. "पन मी बोलते तसाच लिव. नीट करू नको."

मी लिहायला घेतलं. 'कोंब' एवढं झालं आणि हात थांबला. खरंच थांबला. इतक्या वर्षांची लाल शाई त्या एका अक्षरापाशी उभी होती. सर समोर असल्यासारखं मी इकडेतिकडे बघितलं आणि मग खोटा र काढला, त्याला वेलांटी दिली. कोंबरी. शब्द पानावर अनोळखी दिसत होता, पण आवाज बरोबर येत होता.

आई खांद्यावरून बघत होती. तिने त्या र वर बोट ठेवलं.

"ह्यो नीट न्हाय आला," ती म्हणाली. "त्याचा पाय बारीक परला. परत काढ."

मी परत काढला.